पाणी कुठे आहे?

माझ्या भाचीच्या तक्त्यावर लाल शाईत एवढाच शेरा होता. विषय ‘बेडकाचे जीवनचक्र’, आणि पोरीने अख्ख्या पुठ्ठ्यावर निळा रंग कुठे वापरलाच नव्हता. गेरू, तपकिरी, मधेच हिरव्याचे फराटे. एक उभा खडक, त्याला भेग, भेगेच्या तोंडाशी बसलेला बेडूक आणि खडकाच्या अंगाला चिकटलेले लांब शेपटीचे बेडूकमासे. वर्गातल्या बाकीच्यांनी थर्माकोलची तळी केली होती, त्यांत क्रेप कागदाची कमळं. हिचा तक्ता परत आला. घरी आल्यावर तिने तो माझ्यापुढे उभा धरला, खिडकीच्या उजेडात जरा तिरका केला आणि म्हणाली, “मावशी, दिसतंय ना? दगड ओला आहे.” तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तिने सगळ्या खडकावर पातळ गोंद फासला होता. वाळल्यावर तो चकाकत होता. पाणी होतं तर. फक्त ते दिसायला पुठ्ठा तिरका धरावा लागत होता.

शेरा मारणाऱ्या बाईंना मी दोष देणार नाही. वर्गभर पोरांचे तक्ते तपासायचे म्हणजे नजर निळा रंगच शोधणार. पुस्तकात तळं आहे, आपण सगळे तळ्यातल्या बेडकावरच मोठे झालो. अंडी, बेडूकमासा, पाय फुटलेला बेडूकमासा, बेडूक, चार बाण आणि मध्ये पाणी. पण तो प्रश्न मला चिकटला तो चिकटलाच. गच्चीवरचे कपडे घाईघाईने गोळा करताना, सकाळी पेपर उघडताना, भाजी बाजारातून चिखल तुडवत येताना मधेच डोकं वर काढायचा. पाणी कुठे आहे?

भाचीने तो खडक मनाने काढलेला नव्हता. आषाढात आम्ही दोघी आंबोलीला गेलो होतो. आंबोलीच्या पावसाबद्दल नव्याने काही सांगण्यात अर्थ नाही. वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास कोसळणाऱ्या गावात छत्री हा नुसता उपचार असतो. अंथरूण दमट, काडेपेटी दमट, चहाबरोबरची खारी मऊ. आम्ही उतरलो होतो त्या घरातले काका रात्री जेवणं झाल्यावर टॉर्च घेऊन आम्हाला रस्त्याकडेच्या एका जांभ्याच्या कापापाशी घेऊन गेले. उभा कापलेला जांभा जवळून बघितला आहे का कधी? सगळा भोकाभोकांचा, तांबूस, हात लावला की बोटांना गंज लागल्यागत वाटतं आणि वास ओल्या लोखंडाचा. वरून पाणी येत होतं, पण त्याला धार म्हणवत नव्हतं. खडकाच्या कातडीवरून ते सरकत होतं. कुठे चमकायचं, कुठे नाहीसं व्हायचं, दोन वितींवर पुन्हा उगवायचं. धुक्यात टॉर्चचा झोत दुधासारखा पसरत होता आणि चहूकडून टिकटिक, करकर, टॉक-टॉक असे आवाज येत होते, त्यातला कुठला बेडकाचा आणि कुठला किड्याचा हे मला ओळखू येईना.

“ह्यां बगा, बेडकाचां पोर,” काका म्हणाले.

मला आधी कुजलेल्या पानाचा तुकडा वाटला. बोटाच्या पेराएवढं काहीतरी काळपट, चपटं, खडकाच्या उभ्या अंगावर. मग दिसले डोळे. अंगाच्या मानाने मोठे, वर आलेले. आणि शेपूट, अंगाच्या कितीतरी पट लांब, बारीक, तळ्यातल्या बेडूकमाशाला असतो तसा रुंद पडदा नसलेली. भाचीने कुतूहलाने बोट जवळ नेलं आणि त्याने शेपटीचा फटकारा देऊन बाजूला उडी मारली. हो, उडी. पाण्याबाहेर, उभ्या दगडावर, बेडूकमाशाने. माझ्या मनातले ते चार बाण तिथेच गळून पडले. पुन्हा बघितलं तेव्हा मागचे पायही दिसले. बाकी अंग अजून पोराचं आणि मागचे पाय मात्र आधीच तयार, दगडाला रेटा द्यायला. आणि मग त्याच खडकावर दुसरा, तिसरा, नजर बसली तसे दिसतच गेले. खडकावरच्या ओल्या शेवाळाच्या थराला तोंड लावून खरवडत, इंचाइंचाने सरकत. थोडं वर, एका भोकाच्या तोंडाशी प्रौढ बेडूक बसलेला होता. तपकिरी, पाठीवर लांबट सुरकुत्या, बोटांच्या टोकांना चपट्या गाद्या. त्याला नीट बघावं म्हणून काकांनी टॉर्च वळवला तर तिथे नुसतं भोक. या कुळातले बेडूक उडीसाठीच प्रसिद्ध आहेत हे नंतर कळलं. त्या रात्री उडी दिसली नाही, फक्त रिकामी झालेली जागा दिसली.

चिऱ्यात, म्हणजे जांभ्याच्या दगडात राहणारा तो ‘इंदिराणा चिरावासी’. २०१४ साली आनंद पाध्ये, निखिल मोडक आणि नीलेश डहाणूकर या पुण्याच्या संशोधकांनी आंबोलीतूनच त्याची वेगळी जात म्हणून नोंद केली. इंदिराणा हे सगळं गोतच आपल्या सह्याद्रीचं, पश्चिम घाटाबाहेर जगात कुठे नाही. त्यातली एक जात माथेरानवरून १८८८ सालीच शास्त्राच्या वहीत चढली होती, तिला ‘लेथी’ म्हणतात. म्हणजे सव्वाशे वर्षं लोक त्यांच्या शेजारून चालत होते आणि आंबोलीच्या भिंतीत बसलेला वेगळा आहे हे कळायला २०१४ उजाडावं लागलं. मला यात नवल वाटत नाही. आपण घाटात गाडी थांबवतो ती धबधब्यासाठी. धबधब्याच्या शेजारी नुसतीच ओली असलेली भिंत कोण बघतं?

तर त्यांचं सगळं घरकाम त्या भिंतीवर चालतं. पाऊस लागला की नर कपारीतून हाक देतात. अंडी घातली जातात ती ओल्या दगडावर, शेवाळात, ओलसर खाचेत, तळ्यात नाही. अंड्यातून निघालेला जीव पोहायला जातच नाही. पाण्याच्या एका पापुद्र्यावर त्याचं सगळं बालपण निघतं. आपल्या नखाच्या जाडीएवढंही पाणी नसतं तिथे. शरीर चपटं का, तर तेवढ्या पाण्यात भिजून राहता यावं म्हणून. शेपूट बारीक का, तर रुंद पडद्याचा इथे उपयोग नाही. खायला शेवाळ आणि दगडावर जमलेला तो बुळबुळीत थर. तळं का सोडलं असेल यांनी, याचं उत्तर तळ्यात हात घालून बघितलं की मिळतं. तिथे मासे आहेत, चतुराची पोरं आहेत, पाणढेकूण आहेत, आणि दुसऱ्या जातींचे हजारो बेडूकमासे त्याच शेवाळावर तुटून पडलेले आहेत. उभ्या ओल्या दगडावर यातलं फारसं कुणी नसतं. त्याची किंमत एकच, दगड वाळला की संपलं.

आंबोलीतच आणखी एक प्रकार आहे, तिथला भेक, म्हणजे टोड, अंगावर वाघासारखे पट्टे मिरवणारा. २००९ साली त्याला नाव मिळालं. तो जांभ्याच्या सड्यावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो, पहिल्या पावसात, झुंडीने, घाईघाईत. बशीभर पाणी असतं, ते आटायच्या आत पोरांना पाय फुटले पाहिजेत. आंबोलीच्या त्या पठारापलीकडे त्याला जवळजवळ जगच नाही, आणि तो अतिसंकटग्रस्त म्हणून यादीत आहे. मला हा जुगार समजतो. बशी भरते, बशी आटते, त्याच्या आत उरकायचं. चिरावासीचा जुगार मला तितकासा झेपत नव्हता, कारण त्यात बशीसुद्धा नाही. भरण्यासारखं काही नाही. पाणी साठलेलं नाहीच, ते फक्त चाललेलं आहे, आणि चालत राहिलं पाहिजे.

आणि आम्ही नाशिककर पाणी म्हणजे साठा असं समजणारी माणसं. जुलै लागला की घराघरांत एकच वाक्य, “गंगापूर किती टक्के?” वडील हयात होते तेव्हा पेपर आल्या आल्या आधी तो कोपऱ्यातला तक्ता वाचायचे. गंगापूर, कश्यपी, गौतमी गोदावरी, दारणा, ही आमची धरणं. दशलक्ष घनफूट, मग टक्के, मग गेल्या वर्षी याच तारखेला किती. धरण भरलं की विसर्ग किती क्युसेकने चालू आहे, आणि त्यानंतर आमचं खास माप, गोदापात्रातला दुतोंड्या मारुती. मारुतीच्या पायाला पाणी, गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी. कमरेला लागलं की आख्खं गाव पूल गाठणार. मीही जाते. गढूळ, फेसाळ, लाकडं-पानं-प्लास्टिक वाहून नेणारं ते पाणी बघताना छातीत जे होतं ते भीती की आनंद हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या सगळ्या मापांत चिरावासीच्या पोराला चालेल असं एकही माप नाही. मारुती बुडाला तरी दगडावरचं पाणी किती होतं ते त्यातून कळणार नाही.

पायांना मात्र ते माहीत असतं. आजोळ त्र्यंबकला, त्यामुळे श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी लहानपणापासून अंगवळणी पडलेली. अनवाणी. रात्री निघायचं, कुणाच्या तरी चपला कुणाच्या तरी पिशवीत, पुढे बॅटरीचा उजेड आणि मागे ‘बम बम भोले’. चिखल संपून कातळ लागला की चालणं बदलतं. तळव्याखाली गार, गुळगुळीत, हलणारं काहीतरी येतं. खाली बघितलं तर पाणी दिसत नाही, ओला काळा दगड दिसतो. पण तळव्याला ते वाहताना कळतं, अंगठा आवळून धरायला लागतो, आणि पुढचा माणूस घसरला की मागच्या सगळ्यांची रांग एकदम सावध होते. त्याला आम्ही कधी पाणी म्हटलं नाही. “निसरडं आहे, बघून” एवढंच म्हटलं.

आजीचं तर त्या ओलीशी उघड वैर होतं. वाड्याच्या मागच्या दारी काळ्या दगडाची फरशी, तिच्यावर आषाढापासून हिरवी मखमल चढायची आणि आजी दर दोन-तीन दिवसांनी विटकरीचा चुरा आणि नारळाची शेंडी घेऊन ती खरवडायला बसायची. शेवाळ म्हणजे घसरणं, घसरणं म्हणजे खुबा मोडणं, खुबा मोडणं म्हणजे संपलं, असा तिचा हिशेब होता, आणि गल्लीतल्या दोन बायकांनी तो खरा करून दाखवला होता. खरवडलेल्या शेवाळाचा वास मला अजून आठवतो. जरा मातीचा, जरा काकडीचा. आंबोलीच्या त्या भिंतीपाशी तोच वास आला आणि मी क्षणभर त्र्यंबकच्या मोरीत जाऊन उभी राहिले. आजीला जर कुणी सांगितलं असतं की हे खाऊन कुणी मोठं होतं, तर ती म्हणाली असती, “मग ने की तुझ्या घरी.” आणि तिचं बरोबरच होतं. ज्याला उतारवयात न्हाणीघरापर्यंत जायचं आहे त्याने शेवाळाचं कौतुक करू नये.

दगडांचं म्हणाल तर आमचे आणि आंबोलीचे परके नाहीत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो लाव्हा एकावर एक थर देत पसरला, त्याचाच हा सगळा काळा पाषाण. ब्रह्मगिरी, अंजनेरी, रामशेज, पांडवलेणीचा डोंगर. तोच पाषाण प्रचंड पाऊस आणि उष्णता खात खात कुजला, त्यातलं विरघळण्यासारखं होतं ते सगळं पाण्याने वाहून नेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, आणि भोकाभोकांचा तांबडा जांभा झाला. काळा पाषाण पाणी आत घेत नाही. ते थरांच्या सांध्यांतून, फटींतून बाहेर फुटतं. जांभा स्पंजासारखा पितो आणि पाऊस थांबल्यावरही कितीतरी वेळ हळूहळू सोडत राहतो. चिऱ्यातल्या भोकात राहणाऱ्याला हे सोडत राहणंच उपयोगी पडत असणार. आमच्याकडेही पापुद्र्यावर जगणारे आहेत. भाद्रपदात अंजनेरीच्या पठारावर जा, पाणी नुसतं पाझरत असतं त्या कातळावर जांभळी सीतेची आसवं उमललेली असतात. दिसायला इतकी नाजूक, पण ही वनस्पती मांसाहारी. तिच्या बारीक पिशव्या त्याच ओलीत लपलेल्या असतात आणि त्या पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव ओढून घेतात. फोटो काढायला आलेली मंडळी फुलासाठी गुडघे टेकतात, आणि उठल्यावर पँट ओली झाली म्हणून कुरकुरतात.

आपण ओल बुजवायला फार लवकर धावतो, हे मला या सगळ्यात राहून राहून जाणवलं. घाटात दरड येऊ नये म्हणून कापांवर जाळ्या आणि सिमेंट, आणि ते नको असं कसं म्हणणार, त्याच रस्त्याने माझी माणसं जातात. रामकुंडाच्या परिसरात नदीच्या तळाशी काँक्रीट ओतलं गेलं, तळातले झरे बंद झाले, आणि मग ते काँक्रीट काढा म्हणून लोकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. आता २०२७ चा सिंहस्थ आलाच आहे. त्या वेळी किती पाणी सोडायचं, कुठल्या धरणातून, कुठल्या दिवशी, याची चर्चा होईल. झऱ्याचं पाणी मोजायला अवघड, म्हणून ते चर्चेतही मागेच. कोकणात चिरेखाणी आहेत, त्यातल्याच चिऱ्यांनी कोकणातली घरं उभी राहिली, माझ्या आवडत्या घरांपैकी कितीतरी. खाण पडली की खडकही जातो आणि भेगही. मी यावर काही तोडगा सुचवत नाहीये. सिमेंटच्या घरात बसून जांभ्याची बाजू घेण्याचा अधिकार मला कितपत, हाही प्रश्न आहेच.

ही सगळी रडकथा मी दिंडोरीला ताईच्या मळ्यात ओट्यावर बसून सांगत होते. ताईला बेडकांची किळस, ती आत निघून गेली. दाजी ऐकत होते, म्हणजे निदान मोबाइल खाली ठेवून बसले होते. द्राक्षवाला माणूस. एप्रिल छाटणी झालेली, मांडवावर पानं भरलेली, आणि आठवडाभर झिमझिम चाललेली. मी म्हटलं, लोकांना समजावून सांगता येत नाही हो, की तळं नाही, डबकं नाही, नुसता दगडावरचा ओलावा आणि त्यात जीव वाढतो.

“न समजायला काय झालं?” दाजी म्हणाले. “डावणीला काय विहीर लागते का?”

मी गप्प. ते मात्र सुटले. डावणी हा द्राक्षाच्या पानांवरचा बुरशीसारखा रोग, आणि ती पानावर पडते ती पानावर पाण्याचा पापुद्रा असतो म्हणून. तिचे बीजाणू त्या पापुद्र्यात अक्षरशः पोहतात, पोहत पानाच्या छिद्रापर्यंत जातात आणि आत शिरतात. पाऊस किती मिलिमीटर पडला याला द्राक्षात अर्धाच अर्थ आहे. पान किती तास ओलं राहिलं, ते बघायचं. जोराचा पाऊस पडून वारं सुटलं आणि पान वाळलं तर निभावतं. काहीच न पडता रात्रभर नुसतं दव राहिलं आणि सकाळी धुकं उठलं नाही, तर फवारणीचा ब्लोअर काढावाच लागतो. मग त्यांनी मोबाइल उचलून मला बागेतल्या हवामान यंत्राचा आकडा दाखवला. तापमान, आर्द्रता, वारा, आणि चौथा रकाना, पान ओलं असण्याचे तास. त्यासाठी मांडवात पानाच्याच उंचीवर एक चपटी पट्टी बांधलेली असते, ती भिजली की तिला कळतं, वाळली की कळतं. आणि मला इतके दिवस वाटत होतं की हे माप कुणाकडेच नाही. नाशिक जिल्ह्यात ते बागाबागांत टांगलेलं आहे. धरणाच्या टक्क्यांपेक्षा जास्त काळजीने रोज बघितलं जातंय. आणि ज्या ओलीवर तिकडे एक पोर वाढतं, त्याच ओलीसाठी इकडे पहाटे चारला उठून बोर्डो मिश्रण कालवलं जातंय.

“तुझ्या बेडकाला उघडीप नको, मला हवी, एवढाच फरक,” दाजी म्हणाले. “हिशेब एकच आहे.”

भाची तोपर्यंत दारात येऊन उभी होती. तक्त्याचं पुढे काय झालं म्हणाल तर तिने निमूटपणे दुसरा केला, तळ्याचा, निळाभोर, आणि पूर्ण गुण मिळवले. मला जरा वाईट वाटलं, तिला नाही. व्यवहार तिला माझ्यापेक्षा बरा कळतो. तिचं लक्ष त्या पट्टीवर होतं. ती पट्टी दगडावर बांधली तर दगड किती तास ओला राहतो ते कळेल का, आपल्या नाल्याकाठच्या काळ्या दगडावर आधी बघू, मग पुढच्या आषाढात आंबोलीला नेऊ. काकांच्या ओसरीपासून तो काप लांब नाही, वायर पुरेल.

दाजींनी थोडा विचार केला. मग म्हणाले, नाल्यावर आत्ता ने, चालेल. ऑक्टोबर छाटणीच्या आत जागेवर पाहिजे, पोंगा, म्हणजे कोवळा कोंब फुटला की मग मी कुणाचं ऐकणार नाही. आणि आंबोलीला न्यायची असेल तर ही नको, दुसरी मागवू.